मोरीला बोळा

वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला की तळघराच्या जमिनीतल्या मोरीच्या जाळीतून आवाज यायचा. गुडूप. मग जरा थांबून, हलक्या आवाजात, पुन्हा गुडूप. रिकामी बाटली पाण्यात बुडवली की येतो ना, अगदी तसा. सुरुवातीला आम्हाला त्याची गंमतच वाटली. लेक म्हणायची, खाली कुणीतरी राहतंय आणि त्याला उचकी लागलीय. हे असं जवळजवळ दोन महिने चाललं. घरातलं माणूस कुरकुरायला लागलं तर आपण निदान विचारतो, काय झालं म्हणून. पाइप कुरकुरला तर टीव्हीचा आवाज वाढवतो.

एका सकाळी मशीनला लावलेले कपडे काढायला मी खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर थबकले. वॉशिंग मशीन आमच्याकडे तळघरातच, जिन्याखाली आहे. जाळीभोवती परातीएवढं पाणी जमलं होतं. राखाडी, वर साबणाचा विरलेला फेस, त्यात कपड्यांची लव, आणि कुणाच्या तरी शर्टाचं एक पांढरं बटण. ते बटण जाळीच्या बरोबर वर गिरक्या घेत होतं. म्हणजे पाणी खाली जात नव्हतं, खालून वर येत होतं. बटण मी चांगलं अर्धा मिनिट बघत राहिले. तेवढ्यात मशीनने दुसऱ्यांदा पाणी सोडलं, परातीचं घंगाळ झालं, आणि त्याची कड जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे सरकायला लागली.

नवरा मागून अनवाणी उतरत होता. बोर्ड उचलायला तो पुढे वाकला आणि मी इतक्या जोरात ओरडले की तो जिन्यावरच बसला. पाणी विजेच्या बोर्डापर्यंत गेलेलं असेल किंवा जाण्याच्या बेतात असेल, तर त्या पाण्यात पाय टाकायचा नाही. आधी वर जाऊन मेन स्विच बंद करायचा, आणि स्विच नेमका तळघरातच, पाण्याच्या पलीकडे असेल, तर बाहेरच थांबून वीजवाल्याला बोलवायचं. या सगळ्या प्रकरणात त्या दिवशी मी केलेली शहाणपणाची गोष्ट एवढी एकच. यापुढे वेडेपणा आहे.

माणूस घाबरला की भोक बुजवतो. मी जुन्या टॉवेलचा घट्ट बोळा केला, जाळी काढून आत कोंबला, वर पाण्याने भरलेली बादली ठेवली. पाणी थांबलं. मी कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. हो, पाहिलंच. दहा मिनिटांत तळघरातल्या छोट्या बाथरूमच्या दाराखालून पाण्याची जीभ बाहेर आली. तिथली शॉवरखालची मोरी वर यायला लागली होती, कारण वर लेक आंघोळीला गेली होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या उधळपट्टीला लावत आले. ती आपल्याच घरात, इतक्या शब्दशः, खऱ्या दाराखालून वाहत येईल असं वाटलं नव्हतं.

आता विचार केला की लाज वाटते, कारण गणित सोपं आहे. घरातलं सांडपाण्याचं जाळं म्हणजे उलटं धरलेलं झाड. प्रत्येक बेसिन, मोरी, संडास ही एकेक डहाळी. डहाळ्या फांद्यांना मिळतात, फांद्या खोडाला, आणि ते खोड जमिनीखालून बाहेरच्या गटाराकडे जातं. खोड पुढे कुठे तुंबलं की वरून येणारं पाणी मागे साठत जातं आणि पहिलं उघडं तोंड दिसेल तिथून बाहेर पडतं. पहिलं म्हणजे सगळ्यांत खालचं. तळघर असलेल्या घरात ते तळघरातल्या जमिनीतलं असतं. ते बुजवलंत तर पाणी त्याच्या वरचं तोंड शोधतं. जाळीचा यात काडीचा दोष नव्हता. ती बिचारी सगळ्या घराच्या वतीने बोलत होती, आणि मी तिच्याच तोंडात बोळा कोंबला.

पहिलं काम खरं तर एकच होतं: घरभर पाणी वापरणं बंद करायचं. नळ नाही, फ्लश नाही, मशीन नाही, आंघोळी नाहीत. तुंबलेल्या पाइपात वरून नवं पाणी आलं नाही तर खालून वर यायला काही उरत नाही. हे आम्ही केलं, पण तासाभराने.

त्याहून मोठी चूक संध्याकाळची. पाइप मोकळे करायचं औषध म्हणून बाटल्या मिळतात, तसली एक मी आणली आणि बोळा काढून सगळी ओतली. बाटलीवरच्या सूचना ओतल्यानंतर वाचल्या. अशा बऱ्याच बाटल्यांत कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना चांगलाच तापतो, आणि चिकटलेल्या तेलकट थराचा साबण करून टाकतो. एखाद्या बेसिनच्या पाइपात पाणी हळूहळू का होईना जात असेल, तर त्याचा उपयोग होतो. पण खोडच तुंबलेलं असताना ते द्रावण अडथळ्यापर्यंत पोचणार कसं? मधल्या साचलेल्या पाण्यात मिसळून ते तिथेच बसून राहतं. मी माझ्या तळघरात तुंबलेल्या पाण्याच्या जागी तुंबलेलं दाहक पाणी तयार करून ठेवलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी प्लंबरकाका आले. वय साठीच्या पुढे, गळ्यात टॉर्च, बोलणं कमी. आल्या आल्या खाली धावतील असं वाटलं होतं. ते वरच्या पायरीवरच बसले आणि मला प्रश्न विचारायला लागले.

"ताई, एकच मोरी तुंबते की सगळ्या?"

मी म्हटलं, वरच्या दोन्ही बाथरूमचं पाणी हळू जातं, आणि खाली तर तुम्ही बघताच आहात.

"कधी वर येतं? पाऊस पडला की, की पाणी वापरलं की?"

वापरलं की.

"आणि ओतलं काय काय?"

मी बाटलीचं नाव सांगितलं. काका उठून दोन पायऱ्या वर गेले. रागावले नाहीत, पण पिशवीतून गॉगल आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे काढताना त्यांनी जो सुस्कारा सोडला तो मला पुरला. पाइपात तार घातली की ती बाहेर येताना तेच पाणी उडवते, तोंडावर, डोळ्यांत. अनेक प्लंबर अशा कामांत भाजलेले असतात आणि त्यांचं भाजणं आपल्या कानावर येत नाही, असं ते म्हणाले. "त्यावर दुसरं काही ओतलं नाहीत ना? ब्लीच, ॲसिड?" नव्हतं ओतलं. पण ओतण्याचा विचार मनात येऊन गेला होता, हे मी सांगितलं नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद तळघरात, खाली वाकलेल्या माणसाच्या नाकासमोर.

त्या तीन प्रश्नांचा अर्थ मला नंतर उलगडला. एकच बेसिन तुंबलं तर दोष त्याच्या डहाळीत, बहुतेक वेळा हाताच्या अंतरावर. दोन-तीन ठिकाणं एकदम सुस्तावली तर दोष खोडात. वर फ्लश ओढल्यावर खाली गुडूप झालं तर बहुतेक पाणी पुढे अडलंय आणि पाइपातली हवा वाट काढत मागे येतेय. किंवा छतावर उघडा असलेला व्हेंट पाइप तुंबलाय आणि पाण्यामागे हवा शिरत नाही, म्हणून ते खालच्या मोरीतून हवा ओढून घेतंय. आणि पाणी फक्त मोठ्या पावसातच वर येत असेल, तर दोष घराबाहेरही असू शकतो. बाहेरचं गटार भरून मागे फिरतं किंवा पावसाचं पाणी कुठल्या तरी फटीतून पाइपात शिरतं. हे सगळं पाइपाला हात न लावता कळतं. आम्हाला दोन महिने रोज कळवलं जात होतं.

मग क्लीनआउट कुठाय याचा शोध सुरू झाला. क्लीनआउट म्हणजे मुख्य पाइपाला साफसफाईसाठी ठेवलेलं, आट्यांच्या झाकणाचं तोंड. आमच्याकडे ते होतं, पण त्याच्यासमोर आम्हीच कपाट ठेवलं होतं, आणि कपाटात गेल्या दहा वर्षांत कुणी न उघडलेली खोकी. मोहेंजोदडोच्या लोकांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांची गटारं बांधली, त्यांवर उचलता येतील अशा विटा आणि फरशा ठेवल्या, मधे मधे गाळ बसायला खड्डे केले. गटार कधी ना कधी तुंबणार आणि ते उघडावं लागणार हे त्यांनी बांधतानाच धरून चाललं होतं. आम्ही कपाट ठेवलं.

खोकी हलवताना खालची दोन हातात फाटली. सांडपाण्यात भिजलेला पुठ्ठा, गादी, उशी, गालिचा वाळवून वापरायचा नाही, टाकायचा. फरशी, धातू, प्लास्टिक साबणाने धुता येतं. आणि सगळं एक-दोन दिवसांत कोरडं व्हायला हवं, नाहीतर बुरशी धरते. एका खोक्यात लेकीच्या बालवाडीतल्या चित्रांची चळत होती. तिच्याबद्दल मी फार लिहिणार नाही.

झाकण उघडणं हा प्रकार मात्र डोळे भरून बघण्यासारखा होता. मला वाटलं होतं पान्हा लावायचा, फिरवायचा, काढलं. काकांनी झाकणावर बोटांनी टकटक केलं, कान लावला. "भरलंय," म्हणाले. मागे जितक्या उंचीपर्यंत पाणी साठलेलं असेल त्या सगळ्या उंचीचा दाब या झाकणावर असतो. ते एकदम सुटलं तर तळघरात पूर. खाली पसरट घमेलं, बाजूला दोन बादल्या. स्वतः ते झाकणासमोर बसलेच नाहीत, बाजूला बसले. पान्ह्याने पाव आटा. थांबले. आट्यांतून काळसर पाणी पाझरायला लागलं, आधी थेंब, मग दोऱ्यासारखी धार. घमेलं भरलं, बदललं. आणखी पाव आटा. असं वीस-पंचवीस मिनिटं. मी बादल्या वाहत होते, नवरा जिन्यावर उभा राहून टॉर्च धरत होता, आणि कुणीच बोलत नव्हतं. धार आपणहून बारीक होऊन थांबली तेव्हा काकांनी झाकण हाताने उचललं, अगदी डब्याचं उचलावं तसं.

मग तार. स्प्रिंगसारखी वळलेली लांब पोलादी केबल, टोकाला भाल्यासारखं पातं, मागे मोटार. असं मशीन सॅम्युअल ब्लँक नावाच्या एका अमेरिकन माणसाने १९३० च्या दशकात घरच्या घरी बनवलं होतं, वॉशिंग मशीनची मोटार लावून. ज्या यंत्राने माझं तळघर बुडवलं त्याच्याच मोटारीने लोकांची तळघरं वाचवली, हे वाचल्यावर मी मशीनवरचा राग सोडून दिला. काका केबल आत सारत होते आणि हातमोज्यातूनच त्यांना आत काय चाललंय ते कळत होतं. "हे वळण." थोड्या वेळाने, "हे पण वळण." मग केबल थरथरली, आखडली, पिळा पडायला लागला. त्यांनी लगेच मोटार थांबवली. जोर लावला की केबल पाइपात गाठ मारून बसते किंवा हातावर उलटते. मागे घेतली, पुन्हा सारली, मागे, पुन्हा.

बाहेर आलं ते बघून मला आधी वाटलं केस आहेत. लांब, तपकिरी, ओल्या केसांचा अंबाडा. "मुळं आहेत ताई."

आमच्या घराचा आतला पाइप पीव्हीसीचा, पण भिंतीच्या बाहेर गेला की पुढचा जुना, भाजक्या मातीचा. आखूड तुकडे एकात एक बसवून केलेला. जमीन जराशी खचली की सांधे केसभर उघडतात. आत कायम ओल आणि सकस पाणी, बाहेर कोरडी माती. मूळ पाइप फोडून आत येत नाही, आधीच असलेल्या फटीतून येतं. सुतासारखं शिरतं, आत गेल्यावर फुटवे फुटतात, जाळी होते, मग जाडी धरून तेच मूळ सांधा आणखी उघडतं. आमच्या मुळांच्या जाळीत अडकलं होतं बाकी सगळं: तेलकट, पांढरट, मेणासारखा थर, आणि त्यात गुंतलेले ओले वाइप्स. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, वाइप टॉयलेट पेपरसारखा पाण्यात सुटत नाही. आणि त्या पांढऱ्या थराबद्दल सांगायचं तर तेल-तूप पाइपात गेलं की त्यातली स्निग्धाम्लं पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून साबणासारखा न विरघळणारा दगड होतो. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात २०१७ साली असा गोळा गटारात सापडला होता, २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. पुढच्या वर्षी त्याचा तुकडा तिथल्या संग्रहालयात काचेआड ठेवला होता. आमचा तुकडा वर्तमानपत्रावर पडला होता, तळहाताएवढा. त्यात एक बाहुलीचा बूटही होता. लेक आता कॉलेजात आहे.

आणि सगळ्यात शेवटी, जाळीकडच्या आखूड फांदीतून काकांनी आकड्याने ओढून काढला तो हिरव्या पट्ट्यांचा एक चिंधोटा.

"हा बोळा कुणाचा?"

मी बोळा काढला होता, पण टॉवेलचा एक पदर आतच फाटून राहिला होता. नवऱ्याने टॉर्चचा प्रकाश माझ्या तोंडावर मारला.

पुढची कामं तशी रुक्ष आहेत. कॅमेरा घातला, दोन सांधे सरकलेले दिसले, एका ठिकाणी पाइपाला पोट पडलं होतं. उताराचा पाइप मधेच खचला की तिथे पाणी साचून राहतं आणि गाळ बसतो. बारीक पाइपाला साधारण ५० फुटांना १ फूट उतार लागतो, चार इंची पाइपाला त्याच्या निम्म्यातही भागतं. आमच्याकडे त्या पोटात उलटा उतार होता. तेवढा भाग खणून बदलला. मुळं नुसती कापली तर ती परत येतात, न्हाव्याकडे जाऊन आल्यासारखं आहे ते, सांधा बंद केल्याशिवाय सुटका नाही. शिवाय मुख्य पाइपावर एक बॅकवॉटर व्हॉल्व बसवला. आत बिजागरीवर झुलणारी झडप असते. आपलं पाणी बाहेर जाताना ती उघडते, बाहेरचं मागे फिरलं की मिटते. ती बसवून झाल्यावर काकांनी जे बजावलं ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बाहेरच्या पाण्याने झडप मिटलेली असताना आपलंही पाणी आतच अडतं. म्हणजे पावसात बाहेरचं गटार भरलं असताना निवांत मशीन लावलं, तर तळघर आपल्याच पाण्याने भरेल. आणि झडपेखाली एखादी काडी अडकली तरी ती नीट मिटत नाही, म्हणून अधूनमधून उघडून पुसायची. कपाट आता दुसऱ्या भिंतीला आहे.

हे सगळं झालं आणि तीनच महिन्यांनी तळघराच्या छताखालच्या सांडपाण्याच्या पाइपाच्या एका बेंडवरून, म्हणजे वळणावरून, थेंब पडायला लागला.

या वेळी मी बोळा घेतला नाही. काकांना फोन केला. ते म्हणाले, "थेंब पडतो तिथे बघू नका, वर बघा." आणि फोन ठेवला. मला वाटतं त्यांना मुद्दाम एवढंच सांगायचं होतं.

गळणाऱ्या पाण्याची ही खोड आहे. ते सांध्यातून निघतं, पाइपाच्या पोटाला चिकटून उताराने सरपटत जातं, आणि जिथे बेंड, क्लॅम्प किंवा एखादा खरबरीत उंचवटा भेटतो तिथे सुटून पडतं. कधी दोन-तीन मीटर लांब. आपण बादली ठेवतो त्या जागेचा आणि दोषाचा संबंध असेलच असं नाही. मराठीत आपण कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतो त्यातला खरा शब्द कुठेतरी हाच आहे.

आधी ठरवायचं होतं, हे पाणी कुठलं. नळाचा पाइप दाबाखाली असतो, तो गळला तर रात्रंदिवस गळतो. सगळे नळ बंद करून मीटर बघायचा. काटा हलला तर गळती त्या बाजूची. आमचा मीटर ढिम्म. सांडपाण्याचा पाइप एरवी रिकामा असतो, तो वापरल्यावरच गळतो. आमचा थेंब मात्र वेळीअवेळी पडायचा, दमट दिवसांत जास्त. मी स्टूलवर चढून सगळे सांधे कोरडे पुसले आणि प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळला, वर दोरा बांधला. दिवसभर पाइपांना मलमपट्टी केल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी सगळ्या पट्ट्या कोरड्या. आणि बेंड ओला.

उत्तर डोळ्यांसमोर होतं. त्याच्या वरून, चार बोटांवर, गार पाण्याचा पाइप जात होता. दमट हवेत त्याला घाम फुटायचा, गार पाण्याच्या भांड्याला फुटतो तसा, आणि तो घाम ओघळून खालच्या निरपराध बेंडवर पडायचा. त्याला फोमचं वेष्टण घातलं. थेंब थांबला.

चार दिवस थांबला. मग पुन्हा आला, पण आता शिस्तीत: सकाळी, आंघोळी झाल्यावर, अर्धा तास. म्हणजे दुखणी दोन होती, आणि पहिल्याच्या आडोशाला दुसरं लपलं होतं.

इथे मला जो आनंद झाला तो कुणाला सांगून पटणार नाही. आता मला काय करायचं ते माहीत होतं. वरच्या बाथरूमवर प्रयोग सुरू झाले. लेक वर, मी खाली स्टूलवर टॉर्च घेऊन. पहिल्यांदा तिने फरशी कोरडी ठेवून, नरसाळं लावून, एक बादली पाणी थेट मोरीच्या पाइपात ओतलं. खाली कोरडं. म्हणजे पाइप आणि त्याचे सांधे ठीक. मग शॉवरचं डोकं काढून तिथे बूच लावलं आणि नळ चालू केला, दाबाच्या बाजूचं काही आहे का बघायला. कोरडं. मग एक तांब्या पाण्यात रंग कालवून तो फरशीवर ओतला, पाइपात नाही, मोरीच्या भोवती. आम्ही वाट पाहिली. पाच मिनिटं, दहा. "आई, झालं का?" थांब. सतराव्या मिनिटाला बेंडच्या टोकाशी एक थेंब फुगायला लागला. टॉर्चच्या उजेडात तो आधी नुसताच चमकला, मग आतून हळूहळू गुलाबी झाला, लांबला, आणि माझ्या चष्म्यावर पडला.

पाइप निर्दोष. मोरीची जाळी फरशीला मिळते तिथली गोल शिवण सुटली होती, आणि पाणी पाइपात जाण्याऐवजी त्याच्या बाहेरून, त्याला धरून, खाली उतरत होतं. आम्ही पाइप बदलायला निघालो असतो तर दोन्ही मजले फोडून, नवा पाइप घालून, पुन्हा तोच थेंब बघत बसलो असतो.

मधे एक वासाचं प्रकरणही झालं, ते थोडक्यात. तळघरातल्या न वापरलेल्या बाथरूममध्ये अंडं कुजल्यासारखा वास यायला लागला. आम्ही घाबरून पुन्हा गळती शोधायला लागलो. गळती नव्हती, मोरीतल्या ट्रॅपमधलं पाणी सुकलं होतं. प्रत्येक मोरीखाली तो वाकडा पाइप असतो, त्यात कायम थोडं पाणी राहतं आणि तेच गटाराचा वायू अडवतं. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाखालच्या अशा वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून गटार आणि माणूस यांच्या मधे ओंजळभर पाणी आहे, बाकी काही नाही. महिनोन् महिने मोरी वापरली नाही तर ते उडून जातं. एक तांब्या पाणी ओतलं, वास गेला. वर दोन-तीन चमचे खनिज तेल घातलं तर पाणी लवकर उडत नाही. तेवढं खरं की या वासाची सवय होते म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये. तो वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो.

परवा काका भेटले. मी मोठ्या हुशारीने त्यांना नरसाळ्याचा प्रयोग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फरशीच्या आधी पाइपात ओतलं ना?" हो म्हटलं. "उलटं केलं असतं तर काही कळलं नसतं." माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. फरशी आधी भिजवली असती तर तिचं पाणी उशिरा खाली आलं असतं, नेमकं पाइपाच्या चाचणीच्या वेळी, आणि मी पाइपालाच धरलं असतं. सरळ आलं तो नशिबाचा भाग.

काल रात्री फ्लश झाल्यावर मला पुन्हा कुठूनसं गुडूप ऐकू आलं. नवरा म्हणाला, भास आहे, झोप. मी टॉर्च घेतला, घरातलं सगळं पाणी बंद आहे याची खात्री केली, आणि तळघराच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. जाळी कोरडी. क्लीनआउटच्या झाकणाभोवती पुसून पाहिलं, कोरडं. वर लेक जिन्याच्या तोंडाशी जांभया देत उभी होती.

"सोडू का?"

"सोड."

पाणी भिंतीतून गेलं. वरून खाली, उजवीकडे, वळण, पुन्हा वळण, आणि बाहेर.

"काय झालं?"

"काही नाही. एक मिनिट थांब, मग परत सोड."